शेवटच्या सायकलमागची गाडी

लग्नाला तीस वर्षं झालेल्या बाईनं घरात जाहीर केलं की, "रविवारी मी सायकलवरून लोणावळ्याला जाणार आहे," तर काय होतं? आमच्या घरात काय झालं ते सांगते. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. ह्यांनी पेपर खाली ठेवला. आणि लेक म्हणाला, "अगं आई, लोकल आहे की!"

त्याचंही बरोबरच होतं. आम्ही तळेगावचे. स्टेशनात लोकल पकडली की वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली आणि लोणावळा. शेंगदाण्याची पुडी संपायच्या आत माणूस पोचतं. मग ऐंशी किलोमीटर पाय मारत जायचं कशासाठी? मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आज देता येईल असं वाटतंय, म्हणून हा लेखनप्रपंच.

सायकल आपल्यापैकी बहुतेकींना येते. हे लक्षात घ्या, पोहणं किंवा गाडी चालवणं यांसारखी ही नव्यानं शिकायची गोष्ट नाही. शाळेत असताना आपण डबलसीट गेलोय, कॅरिअरवर धाकट्या भावाला बसवून दळण आणलंय, उतारावर हात सोडून ओरडलोय. अहो, पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे, त्यात मुलींच्या सायकलीही होत्याच की. मग लग्न होतं. सायकल माहेरी राहते, भाऊ ती भंगारात देतो, आणि सासरी आल्यावर आपण कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसतो ते कायमचं. पुढे लेकीला आठवीत सायकल घेतो. ती कॉलेजात गेली की तीही सायकल जिन्याखाली. माझी पहिली लांबची सफर लेकीच्या त्याच जिन्याखालच्या सायकलवर झाली.

२०२३ सालची गोष्ट. दसरा-दिवाळीच्या मधल्या एका रविवारी आमच्या भागातल्या एका मंडळींनी सायकलसफर ठेवली होती. तळेगावहून जुन्या हायवेनं कामशेत, तिथून आत वळून बेडसे, पवनानगर, मग दुधिवऱ्याची खिंड चढून लोणावळा आणि हायवेनं परत. ऐंशीच्या आसपास किलोमीटर. पत्रकात लिहिलं होतं, नाश्ता मिळेल, टी-शर्ट मिळेल, आणि ठळक अक्षरात, "मदतीची गाडी सोबत असेल." ती शेवटची ओळ वाचून आम्ही चौघींनी पैसे भरले. ती ओळ नसती तर घरातून परवानगी मिळालीच नसती, आणि आम्हीही मागितली नसती.

आमच्यातली एक अंगणवाडी सेविका आहे. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. आपण तिला ताई म्हणू. ताईची सायकलही लेकीचीच. पवनानगर गेलं, डावीकडे धरणाचं पाणी दिसायला लागलं, पलीकडे तुंग-तिकोना. इतकं सुरेख वाटत होतं की चढ लागलाय हे कळलंच नाही. आणि ताईचं मागचं चाक बसलं. पंक्चर.

मदतीची गाडी? ती केव्हाच पुढे गेली होती. पुढच्या पोरांचे फोटो काढायला. फोन लावला तर रेंज नाही. आमच्याकडे पंप नाही, ट्यूब नाही, कुणाला पंक्चर काढताही येत नव्हतं. ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. पाणी संपलं. शेतात भातकापणी चालली होती. तिथल्या एक आजी बांधावर येऊन म्हणाल्या, "कुटं निगालात गं बायांनो उन्हाचं?" लोणावळ्याला म्हटल्यावर त्यांनी आमच्याकडे नीट बघून घेतलं. "आन् येष्टीला पैसं नव्हतं व्हय?" हसू आलं आणि रडूही. त्याच आजींनी कळशीतलं पाणी दिलं, भाकरी दिली. दीड-दोन तासांनी दुधाचा टेम्पो आला, त्यानं सायकली चढवल्या आणि आम्हाला लोणावळ्यात सोडलं.

तिथे पोचलो तर बॅनर उतरवत होते. टी-शर्टांची खोकी गाडीत भरणं चाललं होतं. एक तरुण आमच्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, तुम्ही अजून होतात का?"

तो काही वाईट मुलगा नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. पण मैत्रिणींनो, हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. आम्ही "अजून होतो" हे मोजायची जबाबदारीच कुणावर नव्हती.

घरी काय झालं ते वेगळं सांगायला नको. माझ्या घरात थट्टेवर भागलं. ताईच्या घरात भागलं नाही. "सांगितलं होतं ना?" एवढं एकच वाक्य, पण ते महिनाभर पुरलं. तिनं सायकल जिन्याखाली ठेवली आणि वरून पोतं टाकलं. पुरुषाची एक सफर फसली तर तो पुढच्या रविवारी दुसरीकडे जातो. बाईची एक सफर फसली तर तिचं दार बंद होतं. कुणी कडी घालत नाही, पण बंद होतं. म्हणूनच ही मदतीची गाडी मला किरकोळ गोष्ट वाटत नाही.

आपल्याकडे मदत घेऊन केलेल्या गोष्टीला जरा कमी लेखायची सवय आहे. "गाडी मागे असल्यावर काय, कुणीही जाईल!" असं मला कितीजणांनी ऐकवलं. त्यांना मी पुण्याच्या प्रीती मस्के यांची गोष्ट सांगते. दोन मुलांची आई, वयाच्या पंचेचाळिशीत, २०२२ च्या जूनमध्ये त्यांनी लेह ते मनाली हे ४३० किलोमीटर अंतर ५५ तास १३ मिनिटांत सायकलवर पार केलं. असा विक्रम करतानाही मदतीची गाडी बरोबर होतीच. नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू २०१५ साली अमेरिकेच्या या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंतची 'रॅम' शर्यत जोडीनं पूर्ण करून आले, त्या शर्यतीत तर रात्री सायकलच्या मागे गाडी हवीच असा नियम आहे. पुण्याहून गोव्याला जाणाऱ्या 'डेक्कन क्लिफहँगर' शर्यतीत एकट्यानं जाणाऱ्यांच्याही मागे गाड्या असतात. तिथे कुणी म्हणत नाही, कुणीही जाईल!

आता पुण्याचीच वेदांगी कुलकर्णी २०१८ साली विसाव्या वर्षी बहुतेक प्रवास एकटीनं करत १५९ दिवसांत जगप्रदक्षिणा करून आली. सुमारे २९ हजार किलोमीटर. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकूच्या धाकानं लुटलं, तरी आली. तिला साष्टांग नमस्कार. पण प्रत्येकीनं वेदांगी व्हायचं असं नाही. आणि वेदांगी होता येत नाही म्हणून जिन्याखाली पोतं टाकायचं असंही नाही.

खरं सांगायचं तर बरोबर सामानाची गाडी घेऊन लांब जाणं हे आपल्याला नवीन कुठे आहे? आषाढी वारी दुसरं काय करते? देहूहून पालखी निघते ती आमच्या शेजारूनच. दिंडीचा ट्रक पुढे गेलेला असतो, तंबू लागलेले असतात, पिठलं-भाकरी तयार असते, कुणाचे पाय सुजले तर तेल लावायला माणूस असतो. म्हणून कुणी वारकऱ्याला म्हणतं का, तुमचा ट्रक होता, तुमची वारी खरी नाही? हल्ली नाशिकहून, पुण्याहून पंढरपूरला सायकलवारीही जाते, तिच्यात बायकाही असतात. आणि हे आपलंच वेड आहे असंही नाही. अमेरिकेत आयोवा नावाचं शेतीचं राज्य आहे. तिथल्या एका वर्तमानपत्राच्या दोन पत्रकारांनी १९७३ साली वाचकांना म्हटलं, चला आमच्याबरोबर, आपण सायकलवर राज्य ओलांडू. ती सफर अजून चालू आहे, आठवडाभराची. सामान ट्रकनं पुढे जातं, वाटेवरच्या गावातल्या बाया घरची पक्वान्नं विकायला रस्त्यावर बसतात, आणि लोक निघताना मागचं चाक एका नदीत भिजवतात, पोचल्यावर पुढचं चाक दुसऱ्या नदीत. वाचून मला चंद्रभागाच आठवली.

तर २०२४ मध्ये आम्ही ठरवलं, आपली सफर आपणच काढायची. तोच रस्ता, तीच खिंड. अकरा जणी जमलो. सर्वांत लहान सव्वीस वर्षांची, सर्वांत मोठी एकसष्ट. आणि या वेळी तयारी केली. ती कशी केली ते सविस्तर सांगते, कारण मला कुणीच सांगितलं नव्हतं.

गणपती उठले त्या आठवड्यात सुरुवात केली आणि डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी निघालो. म्हणजे जवळजवळ तीन महिने. आठवड्यात दोन दिवस पहाटे ८-१० किलोमीटर, आणि रविवारी लांब. पहिल्या रविवारी २० किलोमीटर. मग दर आठवड्याला थोडं थोडंच वाढवायचं. दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी. गुडघे कुरकुरतात ते एकदम वाढवल्यामुळे. जायचं अंतर ८० असेल तर सरावात ६० पर्यंत गेलं की पुरे. उरलेले २० त्या दिवशी बरोबरच्या मैत्रिणी नेतात. ज्यांना बीपी, साखर, गुडघ्याचं दुखणं होतं त्या आधी डॉक्टरांकडे जाऊन आल्या. एकीला त्यांनी नको म्हटलं, ती आमची हिशेबनीस झाली.

दुसरं, सीट. आपल्या सगळ्यांच्या सायकलची सीट खाली असते, कारण दोन्ही पाय जमिनीला टेकले की सुरक्षित वाटतं. पण त्यानंच गुडघे जातात. सीटवर बसून पायडल अगदी खाली नेलं आणि त्यावर टाच ठेवली, तर पाय सरळ व्हायला हवा. मग चालवताना चवडा पायडलवर आला की गुडघ्यात जरासाच बाक राहतो. आमच्या सायकलवाल्या काकांनी दहा मिनिटांत अकरा जणींच्या सीट वर केल्या आणि निम्मी दुखणी तिथेच पळाली. मऊ, रुंद गादीची सीट घेऊ नका, पहिले पाच किलोमीटर छान वाटते, पन्नासनंतर तीच वैरीण होते. त्यापेक्षा आत पॅड असलेली सायकलची चड्डी मिळते, ती सलवारीच्या आत घातली तरी कुणाला कळत नाही. ओढणी मात्र घरी. चेनमध्ये ओढणी गेली की काय होतं ते मी पाहिलंय. हेल्मेट हवंच, आणि पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढाच सैल.

तिसरं, पंक्चर. दोन रविवार आम्ही त्याच काकांच्या दुकानात बसून चाक काढायला, ट्यूब बदलायला, हवा भरायला शिकलो. टायरच्या कडेला हवेचा आकडा छापलेला असतो, तो मी आयुष्यात पहिल्यांदा वाचला. प्रत्येकीकडे एक जादा ट्यूब, तिघींत एक पंप. ज्या दिवशी मला सात मिनिटांत ट्यूब बदलता आली त्या दिवशी मी घरी शिरा केला. पुरणपोळी जमली तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता.

चौथं, खाणंपिणं. "उपाशीपोटी हलकं वाटतं" हे आपलं आवडतं तत्त्वज्ञान इथे चालत नाही. तहान लागायच्या आधी घोट घोट प्यायचं, तासाला साधारण अर्धा लिटर, उन्हात जास्त. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत लिंबू, मीठ, साखर. आणि पाऊण तासाला काहीतरी तोंडात टाकायचं. केळं, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, आणि लोणावळ्याला निघालोय तर चिक्की! गूळ-शेंगदाण्याइतकं दमलेल्या माणसाला दुसरं काय चालतं? चिक्कीचं मूळ म्हणजे घाटात रेल्वेचं काम करणाऱ्या मजुरांची गुडदाणी, असं लोणावळ्यात सांगतात. म्हणजे ते कष्टाचंच खाणं. आपण ते पाहुण्यांना द्यायच्या खोक्यात भरलं.

आणि पाचवं, जे कुणी पत्रकात लिहीत नाही. बाथरूम. खरं कारण सांगते, आपण बायका प्रवासात पाणी पीत नाही ते तहान नसते म्हणून नाही, जायला जागा नसते म्हणून. मग डोकं दुखतं, पायात गोळे येतात, आणि लोक म्हणतात, झेपत नव्हतं तर आल्या कशाला. आम्ही आधी एक रविवार स्कूटरवर सगळा रस्ता फिरून जागा हेरल्या. कुठलं हॉटेल, कुठली शाळा, कुणाच्या ओळखीचं घर. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि टायरची हवा मोफत द्यावी लागते, हे माहीत असू द्या. कुलूप असेल तर किल्ली मागा, लाजू नका. दर दहा-बारा किलोमीटरला एक जागा असा कागद तयार केला. पाळी आली तर काय, यावरही मोकळेपणी बोललो. ज्या दिवशी जमेल ती चालवेल, नाही जमणार ती गाडीत बसेल, आणि पॅडची पिशवी गाडीत राहील. एकसष्ट वर्षांच्या काकू म्हणाल्या, "आमच्या वेळी एवढं बोलायला मिळालं असतं तर आयुष्यात किती गोष्टी केल्या असत्या गं."

शेवटी गाडी. गाडी चालवायची कुणी? आमचे हे म्हणाले, "मी येतो." तीस वर्षं त्यांच्या क्रिकेटच्या मॅचला डबे मी दिले, आता थर्मास त्यांनी भरला. गाडीत एकवीस लिटर पाणी, केळ्यांचा घड, औषधांची पेटी, पंप, दोऱ्या, सतरंजी. आणि एकच नियम, तो मी कागदावर लिहून गाडीच्या काचेला चिकटवला: गाडी शेवटच्या सायकलच्या मागे. कधीही, कुठल्याही कारणानं पुढे नाही. शेवटच्या बाईच्या आधी एक पक्की चालवणारी ठेवायची, तिला आम्ही "मागची ताई" म्हणायचो. निघताना मोजायचं अकरा, प्रत्येक थांब्यावर मोजायचं अकरा.

पण अकरावी कोण? अंगणवाडीची ताई. तिला मी चार वेळा विचारलं, चार वेळा तिनं मुलीच्या परीक्षेचं कारण सांगितलं. पाचव्या वेळी मी ह्यांना घेऊन तिच्या घरी गेले. ह्यांनी तिच्या मिस्टरांना तो कागद दाखवला. ते बराच वेळ वाचत बसले. मग म्हणाले, "गाडी मागंच राहील ना पण?" एवढाच प्रश्न होता त्यांचा. त्यांना बायको कोंडून ठेवायची नव्हती हो. मागच्या वेळी दुपारभर फोन लागत नव्हता, त्याची भीती बसली होती. ती भीती राग होऊन बाहेर पडली होती एवढंच. त्या माणसानंच मग जिन्याखालचं पोतं काढलं.

त्या रविवारी पहाटे साडेपाचला निघालो. मावळातली डिसेंबरची पहाट, दातावर दात वाजत होते. पुढे पांढरा दिवा, मागे लाल. एकीमागे एक, जोडीनं गप्पा मारत नाही, कारण जुन्या हायवेला कडेची पट्टी कुठे आहे, कुठे नाही, आणि ट्रकवाल्याला झोप आलेली असते. एक्स्प्रेसवेवर सायकलला बंदी आहे हे बरंच आहे. खड्डा दिसला की पुढची ओरडायची "खड्डा!" आणि तो शब्द रांगेतून मागे मागे जायचा, आरतीत शेवटचा शब्द सगळे ओढतात तसा. कामशेतला उजाडलं. आत वळलो आणि गाड्यांचा आवाजच थांबला. कापणी झालेली खाचरं, धुकं, चुलीचा धूर, आणि इंद्रायणी तांदूळ कुठेतरी शिजत होता त्याचा वास. हा तांदूळ आमच्या वडगावच्या भात संशोधन केंद्रातला बरं का! लोकलमधून हा वास येत नाही. लेकाला द्यायचं उत्तर मला तिथे सापडलं.

दुधिवऱ्याच्या खिंडीत मात्र सगळ्यांची बोलती बंद झाली. चढाचं एक तंत्र आहे. चढ लागायच्या आधीच गिअर हलका करायचा, लागल्यावर नाही. पाय भरभर फिरू द्यायचे, जोर लावून दाबायचं नाही, आणि नजर समोरच्या दहा फुटांवर ठेवायची, वर टोकाकडे बघायचं नाही. संसाराचंही हेच तंत्र आहे म्हणा. चौघी चढून गेल्या, पाच जणींनी उतरून ढकलली, मी त्यातली. ताई अर्ध्यात थांबली. तिचा चेहरा बघून मला कळलं की हीच ती जागा. वर्षभरापूर्वीची. मागे वळून तिनं पाहिलं, तर गाडी उभी होती. वीस पावलांवर, दिवे लावून. ह्यांनी खिडकीतून डोकं काढून विचारलं, "ताई, पाणी देऊ का?"

ती रस्त्यावरच रडायला लागली. म्हणाली, "वहिनी, आजवर मला असं कुणी विचारलंच नाही हो. मीच सगळ्यांना विचारते."

मैत्रिणींनो, मदतीची गाडी म्हणजे हे. जत्रा असो, लग्न असो, मुलांचं गॅदरिंग असो, मदतीची गाडी आपणच असतो. डबे आपण, पाणी आपण, औषधं आपण, शेवटचा माणूस जेवला की नाही हे बघणारे आपण. वर्षातून एक दिवस कुणीतरी आपल्या मागे, आपल्या वेगानं, कंटाळा न करता येतं, याचं मोल ऐंशी किलोमीटरहून मोठं आहे.

ताई खिंडीपुरती गाडीत बसली आणि वर उतरून पुन्हा सायकलवर. ते मोजायचं नाही असं आमचं आधीच ठरलं होतं. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे, सोडून धरून. करकचून एकच ब्रेक दाबला की सायकल आपल्याला फेकते. दुधिवऱ्याला प्रति पंढरपूरचं मंदिर आहे. तिथे हात जोडून, दुपारी बाराच्या आत लोणावळ्यात पोचलो. गरम वडा आणि चहा घेऊन खंडाळ्याच्या बाजूला घाट बघायला गेलो. खोपोलीकडे उतरलो नाही, पहिल्या-दुसऱ्या सफरीत तो मोह धरूच नये.

तिथे उभ्या उभ्या शाळेत शिकवणाऱ्या आमच्या मैत्रिणीनं एक गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगते. या बोरघाटातल्या रेल्वेचं कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रजाला मिळालं होतं. १८५९ साली इथे आल्यावर थोड्याच दिवसांत तो आजारी पडून वारला. त्याची बायको ॲलिस. बोटीचं तिकीट काढून परत गेली असती तर कुणी नावं ठेवली नसती. तिनं कंत्राट आपल्या नावावर चालू ठेवलं, अनुभवी इंजिनिअर हाताशी धरले, आणि १८६३ साली घाटातून गाडी धावली. तो घाट बांधताना हजारो मजूर मेले, त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, हेही विसरायचं नाही. पण लोकल लोणावळ्यात थांबली की पुढचा घाट एका बाईनं तडीला नेलाय हे आपल्याला माहीत हवं. तिनंही एकटीनं केलं नाही. मदत घेतली आणि काम पुरं केलं.

परतीच्या वाटेवर कार्ल्याला एकविरा आईच्या डोंगराकडे बघून हात जोडले आणि साडेचारला तळेगाव. मोजलं, अकरा.

आता थोडं सडेतोड. २०२६ च्या जानेवारीत 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, मुळशी-मावळातूनही गेली. ४३७ किलोमीटरचे रस्ते त्यासाठी गुळगुळीत झाले. चांगलं झालं. शर्यत पुरुषांची होती, रस्ते मात्र सगळ्यांचे आहेत, आणि ते शर्यतीनंतरही राखले पाहिजेत. आपल्या नगरपरिषदांना, पंचायतींना आपण विचारूया: जुन्या हायवेला सायकलपुरती कडेची पट्टी सलग आणि झाडलेली का नाही? दर दहा किलोमीटरला बाईला जाता येईल असं, पाणी असलेलं, उघडं स्वच्छतागृह का नाही? हे सायकलवाल्या बायकांचे लाड नाहीत. शाळेत जाणारी पोर, भाजी विकायला निघालेली मावशी, दिंडीतली आजी, सगळ्यांनाच ते लागतं.

आणि सफरी काढणाऱ्या मंडळींना हात जोडून विनंती. पैसे घेता, टी-शर्ट देता, फोटो काढता, सगळं करा. पण आधी तीन गोष्टी पत्रकात लिहा: गाडी शेवटच्या सायकलमागे राहील, प्रत्येक थांब्यावर डोकी मोजली जातील, आणि वाटेतल्या स्वच्छतागृहांची यादी निघण्यापूर्वी मिळेल. हे लिहिलेलं नसेल तर मैत्रिणींनो, पैसे भरण्यापूर्वी विचारा. आम्ही विचारलं नव्हतं.

येत्या थंडीत जमवून बघा. ऐंशी नको, वीसनं सुरुवात करा. पावसाळ्यातले शनिवार-रविवार लोणावळ्याच्या वाटेला जाऊ नका, भुशी डॅमची गर्दी तुम्हाला चालूही देणार नाही. चार जणी जमवा, सीट वर करून घ्या, पंक्चर काढायला शिका. गाडी चालवायला कुणाला तरी राजी करा, नवरा असो, भाऊ असो, नाहीतर हिशेबनीस मैत्रीण. काचेवर कागद मात्र चिकटवा.

आमच्या सासूबाई आता ८४ वर्षांच्या आहेत. परवा मला म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी येते." मी चमकलेच. म्हटलं, "आई, तुम्ही?"

"सायकलवर नाही गं. गाडीत. शेवटच्या बाईला पाणी द्यायला कुणीतरी हवं ना!"